छापील लक्ष्मी आणि टाचलेल्या टिकल्या

(मंडळाच्या गणेशोत्सवपूर्व हस्तकला शिबिराच्या उद्घाटनप्रसंगी सजावट समितीतर्फे झालेले भाषण)



गेल्या महिन्याच्या सभेत सजावटीवरून जो वाद झाला, तो आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. मुलांनी वहीच्या पानावर लिहून अर्ज आणला होता. मखराच्या डाव्या बाजूचा देखावा यंदा आम्ही करणार, आणि तो आमच्या आवडीच्या सिनेमातला आणि कार्टूनमधला असणार, असं त्यात होतं. खाली अकरा सह्या होत्या, त्यातल्या तीन मोडीत असाव्यात इतक्या वाचण्यापलीकडच्या. त्यावर काही ज्येष्ठ म्हणाले, बाप्पासमोर टीव्हीतली चित्रं नकोत. काही तरुण सभासद म्हणाले, कशाला हा व्याप, एक फोन केला की तयार मखर दारात येतं आणि अकराव्या दिवशी घेऊनही जातात. दोन्ही बाजूंनी आवाज चढले. शेवटी सजावट समितीनं विचार करून उत्तर द्यावं असं ठरलं. आजचं हे बोलणं म्हणजे ते उत्तर आहे. थोडं लांबेल, कारण ते द्यायला आम्हाला सव्वाशे वर्षं मागे जावं लागणार आहे. पण फार लांब जायचं नाही. आपल्या राजमहाल रोडपर्यंतच जायचं आहे.

नाटक, सिनेमा, मालिका, छापील चित्र, हजारो लोकांना एकाच वेळी आवडणारी अशी कुठलीही गोष्ट पाहून माणूस घरी येतो आणि तसं काहीतरी आपल्या हातानं करू बघतो. ही खोड आजच्या मुलांची नाही. आपल्या आज्या-पणज्यांची आहे. आणि तिचा एक मोठा धागा बडोद्यातून निघतो.

राजा रविवर्मा इथे काम करून गेले हे आपल्याला ठाऊक आहेच. सयाजीराव महाराजांनी 1888 साली त्यांना रामायण-महाभारतातल्या आणि पुराणांतल्या प्रसंगांची चौदा चित्रं काढायला सांगितली. ती पूर्ण झाल्यावर त्यांचं प्रदर्शन भरलं तेव्हा बघायला लोक लोटले. ज्यांना राजवाड्यात पाऊल टाकता येत नव्हतं, त्यांनीही नळ-दमयंती आणि शंतनु-मत्स्यगंधा डोळे भरून पाहिले. त्याच्या आधीच, 1884 साली, सर टी. माधवरावांनी रविवर्म्यांना पत्रानं सुचवलं होतं की, ही चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढून घ्या, म्हणजे मागणाऱ्या सगळ्यांना ती मिळतील. हे माधवराव म्हणजे आपल्या बडोदा संस्थानचे माजी दिवाण, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. पुढे 1894 साली रविवर्म्यांनी मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला. नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती, शंकर-पार्वती रंगीत छापून घरोघर गेले. ज्या घरात मोठा चित्रकार येण्याची सोय नव्हती, त्या घराच्या देवघरात लक्ष्मी कमळावर उभी राहिली.

इथपर्यंतची गोष्ट पुस्तकांत असते. आम्हाला तिच्या पुढची जास्त मोलाची वाटते.

ते छापील चित्र घरी आल्यावर बायकांनी काय केलं? कित्येक घरांत त्यांनी ते सजवायला घेतलं. लक्ष्मीच्या साडीचा आकार पातळ कागदावर उतरवून घ्यायचा, त्या आकाराचं रेशमी कापड कापायचं आणि ते खळीनं नेमकं छापील साडीवर बसवायचं. काठाला जरीचा दोरा. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा जिथे छापलेला असेल तिथे टिकल्या, सलमा, काचमणी. चेहरा, हात आणि पावलं मात्र तशीच उघडी ठेवायची. अशी सजवलेली चित्रं आजही संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे आहेत. आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेमागे असेल तर कृपा करून रद्दीत देऊ नका, आधी आम्हाला दाखवा.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. आमच्या समितीतल्या दोघींनी गेल्या महिन्यात एका साध्या कॅलेंडरवर ते करून पाहिलं. पहिली अडचण निऱ्यांची. चित्रात निऱ्या छाया-प्रकाशानं दाखवलेल्या असतात. त्यावर सपाट कापड चिकटवलं की निऱ्या गायब होतात आणि देवीनं चादर गुंडाळल्यासारखं दिसतं. खऱ्या निऱ्या घातल्या तर कापड फुगतं आणि काच बसत नाही, मग खोल फ्रेम लागते. दुसरी अडचण खळीची. पातळ झाली तर रेशमातून वर येते आणि डाग पडतो, घट्ट झाली तर गुठळ्या दिसतात. तिसरी, आणि सगळ्यांत मोठी, हातांची. लक्ष्मीचे चार हात साडीच्या पुढून येतात, म्हणजे कापड बोटांच्या कडेकडेनं कापावं लागतं. आमच्या दोघींना एका संध्याकाळी एकच हात जमला.

ते करता करता एक गोष्ट लक्षात आली. कॅलेंडर सहा महिने भिंतीवर होतं. त्या लक्ष्मीच्या साडीचा पदर कुठल्या खांद्यावरून येतो हे विचारलं असतं तर घरातल्या कुणालाही सांगता आलं नसतं. कापड कापायला बसल्यावर ते पहिल्यांदा पाहिलं गेलं. शिवाय साडीचा रंग कोणता घ्यायचा हे आता छापखाना ठरवत नव्हता. एकीला मोरपंखी हवा होता, दुसरीला डाळिंबी. पणजीच्या काळात हेच झालं असेल. एका ठशातून निघालेल्या हजार लक्ष्म्या, पण ज्या घरात सुई चालली तिथली लक्ष्मी त्या घरचीच झाली. कुणी तिला आपल्या लग्नातल्या शालूचा तुकडा नेसवला असेल, कुणी मुलीच्या परकराचा.

आता बडोद्यातून निघणारा दुसरा धागा. 1890 साली सयाजीरावांनी प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकारानं कलाभवन सुरू केलं, आजचं आपलं विद्यापीठाचं तंत्रशास्त्र महाविद्यालय. तिथे त्र्यंबकेश्वरचा एक तरुण चित्रकला आणि फोटोग्राफी शिकायला आला. धुंडिराज गोविंद फाळके. दादासाहेब फाळक्यांनी पुढे रविवर्म्यांच्या छापखान्यातही काही काळ काम केलं. मग मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरचा विलायती मूकपट पाहिला, आणि पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या मनात राम आणि कृष्ण यायला लागले. बालमित्रांनो, तुम्ही सिनेमा बघून घरी येता आणि खोक्यातून काहीतरी करायला घेता, तेच त्यांनी केलं, फक्त खोकं जरा मोठं होतं.

फाळक्यांचा पहिला प्रयोग तर अगदी शाळेच्या प्रकल्पासारखा आहे. त्यांनी वाटाण्याचा एक दाणा पेरला आणि तो उगवून त्याचा वेल होईपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर तो वेल मिनिटभरात वाढला, आणि ते पाहून भांडवल द्यायला माणूस तयार झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्या चित्रपटामागे सरस्वतीबाई फाळके होत्या. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून रात्री त्या कच्च्या फिल्मला भोकं पाडायला बसत, फिल्म धुण्याचं काम त्या शिकल्या. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा एका खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसवली. पुढे ‘लंकादहन’मध्ये तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोघंही केले. आपल्या मंडळाच्या नाटकात एकाच माणसाला दोन पात्रं करावी लागली की आपण कुरकुरतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

फाळक्यांच्या पडद्यावरचे देव रविवर्म्यांच्या चित्रांतल्या देवांसारखे दिसतात, असं अभ्यासक सांगत आले आहेत. म्हणजे बघा, राजवाड्यातल्या चित्राचं छापील चित्र झालं, छापील चित्रावर टिकल्या चढल्या, आणि त्याच चित्रांवरून पडद्यावरचा देव उभा राहिला. यात कुणी कुणाची नक्कल केली हे ठरवायला बसलो तर रात्र सरेल.

यानंतरचं भगिनींना आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. बालगंधर्व रंगभूमीवर जसं लुगडं नेसत, जसा गजरा माळत, तसं घरंदाज बायका करू लागल्या. स्त्रीवेष घेतलेल्या पुरुषाकडून बायकांनी नेसणं उचलावं, हे जगात फार ठिकाणी घडलं नसेल. सिनेमा आल्यावर शिवणयंत्र हे घरातलं सगळ्यांत रसिक यंत्र झालं. 1973 साली ‘बॉबी’ आला आणि ठिपक्यांच्या कापडाला घरोघर मागणी आली. 1994 साली ‘हम आपके हैं कौन’ आला आणि माधुरीच्या जांभळ्या साडीवरचं ब्लाउज शिवून द्या म्हणून मुली शिंप्याकडे, आणि शिंप्याचे दर ऐकून पुन्हा आईकडे आल्या. पाठीच्या बाबतीत आईनं आपला अधिकार वापरून चार बोटं कापड वाढवलं, हा प्रत्येक घरातला इतिहास आहे. ‘होणार सून मी ह्या घरची’ चालू होती तेव्हा जान्हवीचं मंगळसूत्र निघालं. सराफाकडे भाव विचारून आलेल्या कितीतरी जणींनी मंगळ बाजारातून मणी आणि तार आणून ते घरी ओवलं. आपल्या रुखवतांचं काय वेगळं आहे? मण्यांचा पोपट, क्रोशाची बाहुली, काडेपेट्यांचं घर हे जुनं. आता रुखवतात सिनेमातला राजवाडा येतो, मालिकेतला वाडा येतो. करवलीची रात्र जागतेच.

परदेशी गेलेल्या आपल्या मुला-नातवंडांकडून यातल्या दोन गोष्टी कळल्या, त्या सांगण्यासारख्या आहेत.

पहिली लोकरीची. इंग्लंडात बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ नावाची मुलांची मालिका आहे, 1963 साली सुरू झालेली. 1974 साली त्यातल्या नायकासाठी एक गळपट्टा विणायचं ठरलं. पोशाख करणाऱ्या जेम्स अॅचेसन यांनी बेगोनिया पोप नावाच्या विणकाम करणाऱ्या बाईंकडे रंगीबेरंगी लोकरीचा ढीग दिला, रंग निवडायला सोयीचं व्हावं म्हणून जरा जास्तच. बाईंना वाटलं सगळी संपवायची आहे. त्यांनी सगळी संपवली. पट्टा माणसाच्या उंचीच्या दुपटीहून लांब झाला, जमिनीवर लोळायला लागला. टॉम बेकर यांनी तो तसाच गळ्यात घातला आणि तीच त्या पात्राची ओळख झाली. मग घरोघरच्या मुलांनी आपापल्या आज्यांना तो विणायला लावला. नमुना मागणाऱ्यांना बीबीसी तो कागदावर छापून पाठवत असे, कुठल्या रंगाच्या किती ओळी घालायच्या यासकट. आपल्याकडच्या विणणाऱ्या बायका ही गोष्ट ऐकून हसल्या. लोकर उरली की ती संपेपर्यंत विणत राहणं हा आजार फक्त आपल्यातच नाही, हे कळून त्यांना बरं वाटलं.

दुसरी मण्यांची. अमेरिकेतली गायिका टेलर स्विफ्ट हिच्या एका गाण्यात मैत्रीच्या मणीमाळेचा उल्लेख आहे. 2023 साली मार्चमध्ये तिचा मोठा दौरा सुरू झाला आणि मुलींनी घरी बसून मणी ओवायला सुरुवात केली. अक्षरं कोरलेले प्लॅस्टिकचे मणी, मध्ये रंगीत मणी, इलॅस्टिकचा दोरा. कार्यक्रमाला जाताना मनगटापासून कोपरापर्यंत अशा माळा घालायच्या आणि तिथे भेटलेल्या अनोळखी मुलींशी बदलायच्या. आपली द्यायची, तिची घ्यायची. हा दौरा डिसेंबर 2024 पर्यंत चालला. ही देवाणघेवाण कंपनीनं काढलेली नव्हती, ती ऐकणाऱ्यांनी उभी केली. मणी बाजारातले, गाणं दुसरीचं. तरी ती माळ हातात दिली की दोघींमध्ये काहीतरी घडतं. आपल्या हळदीकुंकवाच्या वाणाची आठवण कुणाला आली तर ती योग्यच आहे.

आता आपल्या मंडपात येऊ.

2023 साली 23 ऑगस्टला संध्याकाळी चांद्रयान-3 चंद्रावर उतरलं आणि 19 सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. मध्ये सत्तावीस दिवस. त्या वर्षी गावोगावच्या मंडपांत चंद्र उगवला. आपल्याकडे तो मुलांनी उगवला, हे इथल्या सर्वांनी पाहिलं आहे. बुटांच्या खोक्याचं विक्रम लँडर, चार पाय पतंगाच्या कामट्यांचे, आणि प्रज्ञान बग्गीला बाटलीच्या झाकणांची चाकं. चाकं चार की सहा यावरून दोन दिवस भांडण. मग कुणीतरी इस्रोचं छायाचित्र मिळवलं. सहा. दोन झाकणं कमी पडली म्हणून एका घरी औषधाची बाटली वेळेआधी रिकामी झाली असा संशय आहे.

एका मुलीनं विचारलं, यानाला सोनेरी कागद कशाला, नटायला का? रिफायनरीतून निवृत्त झालेले आपले काका तिथे बसले होते. त्यांनी तिला समजावलं की तो सोनेरी थर म्हणजे प्लॅस्टिकच्या अतिपातळ पापुद्र्यांवर धातूचा मुलामा असलेलं पांघरूण असतं, उन्हाची झळ आणि सावलीतली थंडी दोन्हीपासून यंत्रांना सांभाळतं. त्या मुलीनं आरतीनंतर येणाऱ्या प्रत्येक माणसाला हे सांगितलं. दहा दिवस. शेवटी शेवटी लोक त्या कोपऱ्यातून जरा घाईनं जायला लागले होते.

तयार मखराच्या बाजूनं बोलणाऱ्यांना आमचं एवढंच सांगणं आहे. पैशांचा हिशेब तुमचा बरोबर आहे. तयार मखर स्वस्त पडतं, सुबक असतं, वेळ वाचतो. तुमच्या नोकऱ्या आणि तुमचे प्रवास आम्ही समजतो. पण आपल्या मंडळात कामट्या बांधून सहा फुटी कमान उभी करता येणारी माणसं आज तीन आहेत, आणि त्यातला सगळ्यांत तरुण अडुसष्ट वर्षांचा आहे. कामटी भिजवायची किती, वाकवायची कुठे, सांध्याला दोरा कसा फिरवायचा म्हणजे कमान वाऱ्यात डुलते पण मोडत नाही, हे कुठे लिहिलेलं नाही. मुलं ते शिकायला कधी येतील? ‘या, जुनी मखरं कशी करत ते दाखवतो’ म्हटल्यावर येत नाहीत, हे आम्ही तीन वर्षं करून पाहिलं. त्यांच्या सिनेमातला किल्ला उभा करायचा आहे म्हटलं की येतात. किल्ला उभा करायला कमान लागतेच. मग आजोबा कामटी वाकवून दाखवतात आणि पोरं तोंड उघडं टाकून बघतात. आजोबांना त्या सिनेमाचं नाव अजून नीट घेता येत नाही, त्यानं काही बिघडत नाही.

आता ज्येष्ठांचा आक्षेप. तो आम्ही अर्धा मान्य करतो. काही वर्षांपूर्वी ‘बाहुबली’ आल्यावर आणि मग ‘पुष्पा’, ‘आरआरआर’ आल्यावर त्या नायकांच्या थाटातल्या गणेशमूर्ती बाजारात दिसू लागल्या. हे आम्हाला रुचत नाही. मूर्ती मूर्तीसारखीच असावी, बाप्पाला कुणाचा वेष घालायची गरज नाही. म्हणून समितीनं असं ठरवलं आहे की मूर्ती आणि मुख्य मखर नेहमीच्या पद्धतीनं, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली होईल. मखराच्या डावीकडची आठ बाय पाच फुटांची जागा मुलांची. तिथे त्यांच्या आवडीचे नायक, प्राणी, यंत्रमानव, जे काय असेल ते, बाप्पाच्या दर्शनाला आलेले दिसले पाहिजेत. मुलांना ही अट कळवल्यावर त्यांनी पाच मिनिटांत रांगेचं चित्र काढून दिलं. रांगेत सगळ्यांत पुढे छोटा भीम आहे, आणि त्याच्या हातात लाडू आहे. प्रसाद म्हणून आणलाय की स्वतःसाठी, हे अजून ठरलेलं नाही.

आणखी एक अट विकत आणण्याबद्दलची. पात्रांचे तयार मुखवटे, छापील कटआउट, फुगवायचे पुतळे चालणार नाहीत. जे मांडायचं ते कापलेलं, चिकटवलेलं, शिवलेलं किंवा रंगवलेलं हवं. चेहरा हुबेहूब जमला नाही तरी चालेल. पणजीनंही लक्ष्मीचा चेहरा छापखान्यावरच सोपवला होता. आपलं काम साडीपासून सुरू होतं.

काही सभासदांनी कायद्याबद्दल विचारलं होतं. घरात, मंडपात हौसेनं करणं आणि करून विकणं यात फरक आहे. 2008 साली त्याच ‘डॉक्टर हू’मधल्या प्राण्यांच्या बाहुल्या विणण्याचे नमुने एका चाहतीनं सगळ्यांसाठी मोफत दिले होते. त्यावरून विणलेल्या बाहुल्या दुसऱ्याच लोकांनी विकायला काढल्या, आणि बीबीसीनं त्या चाहतीला नमुने काढून घ्यायला लावले. बिचारीनं एक पैसाही कमावला नव्हता. तेव्हा आनंदमेळ्यात आपल्या भगिनींनी पुरणपोळ्या जरूर विकाव्यात, मुलांनी केलेली पात्रं मात्र विकायला ठेवू नयेत.

सामानाबद्दल थोडं. थर्मोकोल आणू नका. सजावटीच्या थर्मोकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, आणि तापलेल्या तारेनं ते कापताना निघणारा धूर मुलांच्या नाकात जायला नको, हे वेगळंच. थर्मोकोलची नक्षी करणाऱ्या जुन्या हातांना आता पुठ्ठ्याकडे वळावं लागेल. पुठ्ठा हट्टी असतो. त्याला धार असते, तो ज्या बाजूला नळ्या असतात त्याच बाजूला वळतो. पण तीन थर उलटसुलट चिकटवले की लाकडासारखा टणक होतो.

बडोदेकरांकडे अजून एक खजिना असतो. उत्तरायणाचे उरलेले पतंग. प्रत्येक घरात माळ्यावर फाटक्या पतंगांची एक थप्पी असतेच, काहींवर नटनट्यांचे चेहरेसुद्धा छापलेले असतात. कामट्या सोडवून ठेवायच्या, त्या हलक्या आणि आधीच वाकवलेल्या असतात. पतंगी कागद पाठीमागून दिवा लावला की काचेच्या खिडकीसारखा दिसतो. त्यामागे फक्त एलईडीची माळ लावायची. जुने पिवळे बल्ब तापतात आणि कागद पेटायला वेळ लागत नाही.

खळ आपण इथेच शिजवणार आहोत. एक वाटी मैद्याला साधारण पाच-सहा वाट्या पाणी, आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडून मग मंद आचेवर, पारदर्शक होईपर्यंत. झुरळं लागू नयेत म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालत. ते विषारी असतं, आणि आपला देखावा तर दहा दिवसांचाच, म्हणून यंदा मोरचूद नाही.

शिबिर येत्या रविवारपासून चार रविवार, सकाळी नऊ ते बारा, मंडळाच्या मागच्या हॉलमध्ये. पहिल्या रविवारी कमान आणि पुठ्ठ्याचे थर. दुसऱ्या रविवारी पात्रांचे सांगाडे. तिसऱ्या रविवारी कापडाचं काम. त्या दिवशी आज्यांनी आपल्या टिकल्या-जरीचे डबे आणि जुन्या साड्यांचे काठ घेऊन यावं, छोट्या भीमाचं धोतर आणि बाकी सगळ्यांचे पोशाख त्यांच्यावर सोपवले आहेत. चौथ्या रविवारी दिवे आणि मांडणी. प्रत्येक मुलानं एक बोथट टोकाची कात्री, एक जुना सदरा अंगात घालायला आणि घरात असतील तेवढे पतंग आणावेत. कटर आणि मोठी सुरी फक्त मोठ्यांच्या हातात राहील. ज्या तीन आजोबांना कामट्या बांधता येतात, त्यांना रिक्षानं आणायची आणि पोचवायची व्यवस्था तरुण सभासदांनी करायची आहे. नावं देण्यासाठी वही दारापाशी ठेवली आहे. अकरा नावं आधीच लिहिलेली आहेत, या वेळी सुवाच्य अक्षरात.

गणपती बाप्पा मोरया.